चार मिनिटांचा व्हॉइस मेसेज आणि पाटण्याचा शिलालेख

डिसेंबरात थंडी वाढली की माझ्या मामांचा फोन तापतो. रावेर तालुक्यात त्यांची केळी आहे, हाताशी तीसेक वर्षांचा अनुभव आहे. पारा दहाच्या खाली उतरला की अख्ख्या भावकीला एकच प्रश्न पडतो: बागेला चरका बसलाय, काय करू? मग मामा मोटारसायकल लिंबाखाली लावतात आणि व्हॉट्सॲपवर बोलायला लागतात. पाणी रात्री द्या, विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं. बांधाच्या कडेने पालापाचोळा पेटवून धूर करा. निसवलेल्या, म्हणजे झाडातून बाहेर पडलेल्या, घडांना स्कर्टिंग बॅग चढवा. वाऱ्याच्या अंगाला शेवरी लावली नसेल तर या वर्षी बोलून उपयोग नाही, पुढच्या लागवडीला ध्यानात ठेवा. चार मिनिटांचा मेसेज. त्यावर पन्नास अंगठे. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सुप्रभातची फुलं, कुणाचा वाढदिवस, कुणाच्या दहाव्याचा निरोप, बऱ्हाणपूरचे भाव. आठ दिवसांनी त्याच गटात कुणीतरी विचारतं, "नाना, चरक्याले काय करू?"

मामा चिडत नाहीत, पुन्हा बोलतात. चिडलो मी. भुसावळला माझा कॉम्प्युटर क्लास आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक यंत्राचा आणि तक्रारीचा मी वारस. म्हटलं, "मामा, एकदा लिहून ठेवा. मी ब्लॉग काढून देतो."

"माह्या डोक्यात आहे ना समदं. लिहू कायले?"

या "कायले"चं उत्तर तेव्हा मला धड देता आलं नाही. आज देऊन बघतो.

आधी ब्लॉग म्हणजे काय ते. शब्दाचा उगम जहाजावर आहे. जहाजाचा वेग मोजायला दोरीला बांधून लाकडाचा ओंडका पाण्यात टाकत. ओंडक्याला इंग्रजीत 'लॉग' म्हणतात. ती मापं ज्या वहीत उतरवत ती लॉगबुक. १९९७ साली जॉर्न बार्गर नावाच्या अमेरिकन माणसाने इंटरनेटवरच्या अशा नोंदींना 'वेबलॉग' म्हटलं, दोन वर्षांत त्याचा ब्लॉग झाला. १९९९च्या ऑगस्टमध्ये 'ब्लॉगर' ही सेवा आली आणि कॉम्प्युटरची भाषा न येणाऱ्या माणसालाही स्वतःचं पान काढता येऊ लागलं. मराठीत 'अनुदिनी' आणि 'जालनिशी' असे दोन चांगले शब्द आहेत. बोलताना ते वापरणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मामांना मी वेगळ्या शब्दांत सांगितलं: रोजकीर्द. दुकानात जो व्यवहार होतो तो तारखेनिशी, घडला त्या क्रमाने रोजकीर्दीत पडतो. ब्लॉग तसाच, तारीख घालून केलेल्या नोंदी. ताजी नोंद तेवढी सगळ्यात वर. रोजकीर्दीवरून पुढे खतावणी होते, एकेका नावाखाली त्याच्या सगळ्या नोंदी. ब्लॉगला ती सोय लेबलांनी होते. 'थंडी' या लेबलावर बोट ठेवलं की पाच हिवाळ्यांतल्या नोंदी एकाखाली एक येतात. फरक इतकाच, की ही कीर्द गल्ल्याखाली न राहता चावडीवर उघडी ठेवलेली असते.

इथवर सोपं आहे. खरी गोम पुढे आहे, आणि ती बहुतेक लोक ऐकत नाहीत: ब्लॉगवरच्या प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो. ब्लॉगला असतोच, पण त्यातल्या एकेका नोंदीलाही. मामांनी चरक्याबद्दल लिहिलेल्या पानाचा पत्ता आज जो आहे तोच दहा वर्षांनीही राहील. तो पत्ता दुसऱ्याला पाठवता येतो, दुसऱ्या लेखात देता येतो, पोराच्या वहीत लिहून ठेवता येतो. व्हॉट्सॲपवरच्या मेसेजला असा पत्ता नाही. तो गटात पडला, तुम्ही गटात होतात तर दिसला. फोन बदलला, गट सोडला, की गेला.

पत्ता असला की शोधणाऱ्या यंत्राला तिथे जाता येतं. गुगलसारखी यंत्रं काय करतात? त्यांचे प्रोग्राम एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर असे अखंड हिंडत राहतात आणि एक प्रचंड सूची बनवतात. जाड पुस्तकाच्या शेवटी असते ना, अमका शब्द अमक्या पानावर, तशीच. तुम्ही 'केळी चरका' असं शोधता तेव्हा यंत्र जगभर धावत सुटत नाही, स्वतःच्या सूचीत 'केळी' आणि 'चरका' यांच्यापुढे कोणती पानं आहेत ते पाहतं. व्हॉट्सॲपचा गट या सूचीत येऊच शकत नाही. तो बंद दारामागचा संवाद आहे, आणि तो तसा असायलाच हवा. फेसबुकवरचाही बराचसा मजकूर लॉगिनच्या कुंपणाआड असतो. म्हणजे मामांनी दहा हिवाळे जे सांगितलं ते शोधणाऱ्याच्या लेखी बोललंच गेलेलं नव्हतं.

सूचीत यायचं तर यंत्राला शब्द ओळखू यायला हवेत. मराठी लोकांनी यासाठी किती खस्ता खाल्ल्या ते आजच्या पोरांना सांगूनही पटत नाही. कॉम्प्युटरच्या लेखी अक्षर हा एक आकडा असतो. पूर्वी मराठी फॉन्ट इंग्रजीच्या आकड्यांवर स्वार व्हायचे. आत इंग्रजी अक्षराचाच आकडा, वर चित्र मात्र मराठी अक्षराचं. प्रत्येक फॉन्टवाल्याची बसण्याची जागा वेगळी. माझ्या क्लासमध्ये एकाने टाइप केलेली लग्नपत्रिका दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की वधूच्या नावाजागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हं. तेव्हाच्या मराठी वेबसाइटवरचे लेख माणसाला वाचता यायचे, तेही तोच फॉन्ट उतरवून घेतला तर. शोधयंत्राला मात्र ती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची. युनिकोडने हे मिटवलं. जगातल्या प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला कायमचा, सगळ्यांना मान्य असा एक आकडा. देवनागरी १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत होती, 'क'ला तिथे ०९१५ हा क्रमांक आहे, यावलपासून टोकियोपर्यंत तोच. रोजच्या वापरातल्या मशीनवर तो नीट दिसायला विंडोज २०००पर्यंत वाट बघावी लागली. त्यानंतरच्या काही वर्षांत मराठी ब्लॉग फोफावले तो काही योगायोग नव्हे.

याच कारणाने मी क्लासमध्ये सारखा ओरडत असतो, की मजकुराचा फोटो टाकू नका. सुंदर बॉर्डर, गुलाबी पार्श्वभूमी आणि त्यावर कोरलेली माहिती, ही आपली आवडती पद्धत. फोटोतलं मराठी वाचणारे प्रोग्राम आता आहेत, पण आपला फोटो वाचला जाईल याच्या भरवशावर राहू नये. अक्षर अक्षराच्याच रूपात ठेवावं.

आणखी एक गोष्ट मामांच्या नोंदींनी मला शिकवली. कृषी खात्याची पत्रकं 'केळी पिकावरील कमी तापमानाचे विपरीत परिणाम' असं लिहितात. रावेरचा शेतकरी मोबाइलमध्ये 'चरका' लिहितो. पत्रकात माहिती बरोबर असते, पण विचारणाऱ्याचा शब्द तिच्यात नसतो, म्हणून दोघांची गाठ पडणं अवघड होतं. सीएमव्ही नावाचा विषाणूरोग आपल्याकडे 'हरण्या' म्हणून ओळखला जातो. मृगबाग, कांदेबाग, पोगा, निसवण हे शब्द लिहिणारा माणूस गावचाच लागतो. तो लिहीत नाही तोवर ते शब्द सूचीत पडत नाहीत. मामांच्या प्रत्येक नोंदीत आम्ही आता दोन्ही शब्द ठेवतो, बांधावरचा आणि पत्रकातला.

आता शिलालेखाकडे येतो. चाळीसगावजवळ पाटणं आहे. पाटणादेवीला आपण सगळेच जातो, पावसाळ्यात धबधबा बघून भजी खाऊन परत येतो. तिथल्या देवळात एक शिलालेख आहे, इ.स. १२०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याची ही नोंद. आधी संस्कृतात घराण्याची वंशावळ आणि कौतुक, आणि शेवटी, मला हेच फार आवडतं, जुन्या मराठीत रोखठोक हिशेब: मठाला कुठल्या व्यवहारातून काय मिळणार. पंडितांसाठी संस्कृत, पण ज्याने उद्या द्यायचं आहे त्याला कळेल अशी बोली. पुढे मठ राहिला नाही, यादवांचं राज्यही गेलं. साडेसहाशे वर्षांनी, एकोणिसाव्या शतकात, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख वाचून अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांच्या घराण्याची आज जी माहिती सांगितली जाते, तिचा मोठा भाग या दगडावरून आलेला आहे.

चांगदेवाच्या डोळ्यांसमोर भाऊ दाजी असणं शक्यच नव्हतं. त्याने तारीख घातली, नावं घातली, लेख जागेवर बसवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी उघडा ठेवला, एवढंच. बोलणं समोरच्यासाठी असतं, पत्र पत्त्यावरच्या माणसासाठी असतं. शिलालेख 'जो कोणी येईल' त्याच्यासाठी असतो. ब्लॉग या जातीचा आहे. फक्त छिन्नी लागत नाही, आणि चुकलं तर दुरुस्त करता येतं.

दुरुस्तीवरून एक प्रसंग सांगतो, कारण माझं मत तिथेच पक्कं झालं. मामा अखेर तयार झाले ते मामींमुळे. ("दहा वर्षं तेच बोलताय, माझे कान किटले.") ते बोलायचे, मी टाइप करायचो. तिसरी की चौथी नोंद हरण्यावर होती. मामांनी सांगितलं, मावा ही कीड हा रोग पसरवते, म्हणून माव्यावर औषध मारत राहा, हरण्या आटोक्यात राहतो. मी तसंच लिहिलं. पाचेक महिन्यांनी नांदेडकडून एका मुलाची ईमेल आली, कृषी शिकणारा होता. सोलापूरला त्याच्या मामाच्या शेतात लागवड चालू असताना 'हरण्या' शोधत आमच्या पानावर आला होता. फार अदबीने लिहिलं होतं त्याने: काका, मावा रोगट झाडावर क्षणभर सोंड टोचून दुसऱ्या झाडावर बसतो, तेवढ्यात विषाणू पोचलेला असतो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेलं असतं. तेव्हा नुसत्या फवारणीवर विसंबू नका. पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड मुळासकट उपटून पुरून टाका, आणि बागेत काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची लावू नका, विषाणू त्यांच्यावरही राहतो.

मामांच्या बागेत त्या वर्षी काकडी होती.

दोन दिवस मामा काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ते पोरगं खरं बोलतंय. लिही." मी जुनं वाक्य पुसणार होतो. मामांनी अडवलं. दुकानाच्या वहीत खाडाखोड करत नाहीत, चुकलेल्या आकड्यावर रेघ मारून शेजारी बरोबर आकडा आणि सही करतात, तसं करायचं म्हणाले. आज त्या नोंदीत जुनं वाक्य रेघ मारलेलं दिसतं, खाली तारीख आणि नवी माहिती. वाचणाऱ्याला काय करायचं ते कळतं, आणि काय करून फसलो तेही. व्हॉट्सॲपवर ही चूक पसरली असती तर कुणाकुणाच्या फोनमध्ये ती बसली हे मामांनाही कळलं नसतं, आणि दुरुस्ती तिच्या मागे कधीच पोचली नसती. फॉरवर्डला मूळ गाव नसतं. ब्लॉगची चूक आपल्या घरी राहते, म्हणून तिथेच गाठता येते.

गणितासारख्या विषयातही हे घडलंय. २००९च्या जानेवारीत केंब्रिजचे गणिती टिमथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर एक अवघड प्रमेय मांडलं आणि विचारलं, सगळ्यांनी मिळून उघड्यावर सोडवायचं का? ज्याला जे सुचेल ते, अर्धंकच्चंही चालेल. दीड महिन्याच्या आसपास त्यांनी उत्तर हाती लागल्याचं जाहीर केलं. पुढे शोधनिबंध आला तो एका काल्पनिक सामाईक नावाने. त्या पानांवर चुकलेल्या वाटाही जशाच्या तशा आहेत. छापील निबंधात त्या कधीच येत नाहीत, तिथे सगळं आधीपासून माहीत असल्यासारखं लिहिलेलं असतं.

बोलीबद्दलही बोललं पाहिजे. २०११च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा सांगणारे १८ लाखांच्या पुढे होते, त्यात बहुतेक अहिराणी. एवढ्या लोकांची भाषा, पण शाळेच्या पुस्तकात ती नाही, सरकारी अर्जावर नाही, आणि फोनचा कीबोर्ड तर तिला चूकच समजतो. 'माले' लिहा, तो 'मला' करून देतो. मनस्ताप! यंत्राला सुचवायला आधी तसा मजकूर पुरेसा लिहिलेला लागतो, आणि आपली बोली व्हिडिओत भरपूर असली तरी अक्षरांत कमी आहे. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्यांनी रचलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरातल्यांनी उतरवून ठेवली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, त्यानंतर ती वही आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. जी ओवी त्या वहीत उतरली नाही ती बहिणाबाईंबरोबर गेली. घरात उतरवून घेणारा एक माणूस होता, एवढ्याच धाग्यावर ते सगळं लटकलेलं होतं. बोलीतलं शुद्धलेखन कोणतं, 'से' की 'शे', यावर आपल्याकडे वाद आहेत. असू देत. ब्लॉगला संपादक नसतो, ही त्याची खोड आहे, पण बोलीसाठी तीच सोय आहे. जसं कानाला येतं तसं लिहावं.

लगोलग दुसरी बाजू. गाव पाण्यात जात असेल तर ब्लॉग लिहीत बसू नये, फोन करावा. (२००४च्या त्सुनामीत भारतातल्या काही ब्लॉगरांनी एकत्र येऊन मदतीच्या, बेपत्ता लोकांच्या माहितीचं पान चालवलं आणि ते जगभर वाचलं गेलं, पण तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं.) भाव, हवामान, 'गाडी किती वाजता' यांना ब्लॉग नको. पैशाचं म्हणाल तर जाहिरातीतून मामांच्या चहाचाही खर्च निघत नाही. पहिलं वर्षभर तर वाचायलाही कुणी येत नाही, आणि बहुतेक लोक तिथेच सोडतात. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत असताना वसतिगृहाच्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' हाताने लिहून काढायचे. सकाळी ते वाचायला पोरं उभी असत, हे त्यांना समोर दिसत होतं. ब्लॉगवाल्याला पोरं दिसत नाहीत. आमचा नांदेडचा मुलगा यायला पाच महिने लागले.

शिवाय पत्ता कायमचा म्हटलं तरी जमीन दुसऱ्याची असते. याहूने २००९ मध्ये जिओसिटीज बंद केलं आणि लाखो लोकांची घरगुती पानं गेली. लोक ज्यातून आवडत्या ब्लॉगच्या नव्या नोंदी एकत्र वाचायचे ते गुगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झालं. आपल्याकडे जुलै २००६ मध्ये सरकारने मोजकी काही पानं रोखायला सांगितली, तर इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगरवरची पानं जिथे असतात ते अख्खं ब्लॉगस्पॉटच अडवलं. काही दिवस कुणाचंच उघडेना. म्हणून सगळ्या नोंदींची प्रत दर तीन महिन्यांनी उतरवून घ्यावी. ब्लॉगर आणि त्याच्यासारखीच दुसरी सेवा वर्डप्रेस, दोन्हींत ती सोय आहे, मिनिटाचं काम आहे. जमल्यास पत्ता स्वतःच्या नावाचा घ्यावा, म्हणजे उद्या बिऱ्हाड हलवलं तरी दारावरची पाटी तीच राहते.

मामा आता स्वतः लिहितात, फोनवर बोलून. यंत्र अक्षरं काढतं, ते चष्मा लावून दुरुस्त करतात. गेल्या डिसेंबरात गार वारा सुटला तेव्हा बघतो तर मामा पारावर बसून स्वतःचाच ब्लॉग वाचत होते. तीन वर्षांपूर्वी कोणत्या रात्री पाणी दिलं होतं आणि किती दिवसांनी पोगा (गुंडाळलेलं कोवळं पान) हलला, ते शोधत होते. "मले वाटलं जानेवारीत दिलं होतं," म्हणाले. नोंद २२ डिसेंबरची होती.

हे पाहून मामींनी आपलीही वही उघडायची ठरवली. विषय: खापरावरचे मांडे. गहू कसे भिजवायचे, पीठ कोणत्या कापडातून चाळायचं, इथपर्यंत सुरळीत झालं. पुढे कणकेत पाणी किती, म्हणून विचारलं.

"अदमासे."

"मामी, अदमासे म्हणजे किती? वाटी सांगा."

"वाटी कायले? हाताले समजतं ना."

"वाचणाऱ्याकडे तुमचा हात नाही ना, मामी."

त्या थांबल्या. हात पुढे धरून बोटं जराशी हलवून बघितली, जणू कणीक आत्ता हातात आहे. मग म्हणाल्या, "रविवारी ये. माप घेऊन करू." नोंद कच्च्या मसुद्यात आहे, पाण्याच्या जागी मी तीन टिंबं ठेवली आहेत.